साळवीभाऊंचे कान

त्या शुक्रवारी सकाळी मी कुवेतमधल्या शर्कच्या मासळी बाजारात पापलेटं निवडत होते. कल्ले उघडून बघायचे, डोळा बघायचा, मग विक्रेत्याशी थोडी हुज्जत घालायची... हे सगळं मला साळवीभाऊंनीच शिकवलेलं. मी लातूरची. मासा म्हटला की काटा, एवढीच माझी अक्कल. त्यावरून ते मला वीस वर्षं चिडवत आले. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला. ‘‘मेधा, हे गेले गो... चहा घेतला, चष्मा मागितला, मी आणेपर्यंत...’’ मी हातातलं पापलेट तसंच धरून उभी, आणि विक्रेता ‘‘मॅडम, लेना है क्या?’’ म्हणून विचारतोय. आज त्याला सहा आठवडे झाले. त्यांची लेक गार्गी तेव्हा इंग्लंडमध्ये होती, आणि तिच्या बँडचा पहिला आल्बम यायला जेमतेम पंधरा दिवस उरले होते.

मोहन साळवी मूळचे रत्नागिरीचे. कुवेतच्या एका इस्पितळात कान तपासायचं काम करत, आणि मी त्याच विभागात नर्स. त्यांची खोली म्हणजे कपाटाएवढी एक केबिन, तिला हातभर जाडीचं दार. आत पेशंट कानाला हेडफोन लावून बसतो, हातात वायरचं बटण. बाहेर मशीनशी साळवीभाऊ. सूर ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, म्हणजे बाहेर छोटा दिवा लागतो. पण माणसाला ती परीक्षा वाटते. काही ऐकू येत नसताना लोक आपले बटण दाबत राहतात. साळवीभाऊ मग आवाज पूर्ण बंद करून दिव्याकडे बघत बसत. तरीही दिवा लागला की उठून हळूच दार उघडत आणि समोरचा कुवेती असो की केरळी, त्याला समजेल त्या भाषेत सांगत, ‘‘अंदाजाने दाबायचं नाही. ऐकू आलं तरच.’’ एवढं मऊ बोलत की माणूस ओशाळत नसे. हे कसब मला काही साधलं नाही. मी थेट खेकसते.

गार्गी कुवेतच्या बनेद अल-गार भागात त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढली. बापाने मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायची आणि एका गोवेकर मास्तरांकडे व्हायोलिन शिकायची. शुक्रवारी सुट्टी असायची, तेव्हा आम्ही दोन्ही घरं मिळून अहमदीला जायचो, का तर तिथे तेल कंपनीच्या जुन्या वसाहतीत झाडं आहेत. ही मागच्या सीटवर काचेला नाक लावून. दोन्ही बाजूंना वाळू, पाइपलाइनी, विजेचे खांब, एखादी धूळ खाल्लेली पिकअप. औषधनिर्माण शास्त्र शिकायला लीड्सला गेली आणि दुसऱ्याच वर्षी कॉलेज सोडून तीन इंग्रज पोरांबरोबर बँड काढून बसली. ऑल्टरनेटिव्ह कंट्री म्हणे. अमेरिकेतल्या खेडवळ गाण्यांचा बाज घ्यायचा, गिटार आणि फिडल घ्यायचं, पण गायचं आपल्या आयुष्याचं. व्हायोलिनलाच ते लोक फिडल म्हणतात. मी विचारलं, तुझा आणि घोड्यागुरांचा काय संबंध? तर म्हणाली, ‘‘मावशी, ऊन, तेल, रिकामा रस्ता आणि घरापासून लांब आलेली माणसं. ही गाणी मी लहानपणापासून बघतेय.’’ बँडचं नाव ठेवलं ‘अहमदी रोड’. हा रस्ता टेक्सासात कुठे आहे, असं तिकडचे लोक विचारतात.

साळवीभाऊ महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग तिने एक गाणं पाठवलं. ओपीडी संपल्यावर ते केबिनमध्ये जाऊन बसले, मशीनला फोन जोडून मला बाहेर बसवलं आणि ते गाणं चार वेळा ऐकलं. बाहेर आले ते कागद घेऊनच. तिसऱ्या कडव्यात फिडलची वरची तार उतरलीय. ड्रमवाला दर वेळी चौथ्या ओळीला घाई करतो. पंख्याचा आवाज येतोय, तो बंद करा. असे अकरा दोष! मी म्हटलं, अहो, पोरीचं जरा कौतुक करा. त्यावर म्हणाले, ‘‘मग हे काय केलं?’’ कागद गार्गीला गेला आणि ती पोरं तो वाचून थक्क झाली. पंखा खरोखरच चालू होता. तेव्हापासून साळवीभाऊंचा कागद आल्याशिवाय गाणं बाहेर काढायचं नाही, असा त्या चौघांचा रिवाजच पडला. पबच्या कोपऱ्यात सात माणसांसमोर वाजवणारी ती पोरं मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास वाजवायला लागली, रेडिओवर आली, तंबूतल्या जत्रांमध्ये लोक त्यांची गाणी त्यांच्याबरोबर म्हणायला लागले. साळवीभाऊ कामाच्या वेळात त्यातलं अवाक्षर काढायचे नाहीत. पण इस्पितळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा सगळी बातमी असायची. त्याला कुणी सांगितली, देव जाणे.

आणि मग ती मशीनची भानगड झाली. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ते स्वतः हेडफोन लावून एकेक सूर तपासत. आदल्या दिवशी मशीन बरोबर होतं म्हणून आज असेल, हे त्यांना मान्य नसे. एका सकाळी त्यांनी मशीनवर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी लावली. वरचे दोन सूर गेलेत म्हणाले. कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने दोन तास तपासलं. मशीन ठणठणीत होतं. साळवीभाऊ त्याच्यावर उखडले, दुसरा माणूस पाठवा म्हणाले. तो गेल्यावर मी हेडफोन लावला. वरचे दोन्ही सूर मला स्वच्छ ऐकू आले... मी नुसतं केबिनचं दार उघडून धरलं. ते आत जाऊन बसले. मी सूर सोडत गेले आणि दिव्याकडे बघत राहिले. त्यांचा आलेख मधल्या सुरांपर्यंत सरळ गेला आणि तिथून घसरगुंडीसारखा खाली आला. बाहेर येऊन त्यांनी तो बराच वेळ पाहिला. ‘‘गार्गीला सांगायचं नाही. वचन दे,’’ म्हणाले. मी दिलं. माझं चुकलंच.

कारण त्यानंतर गार्गीला कागद जाईनात. जायचं ते एवढंच : ‘छान. सगळं सुरेख.’ दुसऱ्या कुठल्याही बापाने असं लिहिलं असतं तर पोरगी हरखली असती. ही हादरली. मला फोन करून म्हणाली, ‘‘ही हॅज गिव्हन अप ऑन मी, मावशी. कॉलेज सोडल्याचा राग अजून गेला नाही. ऐकतसुद्धा नाहीत ते.’’ आल्बमची गाणी अडून पडली होती आणि ती त्यातलं एकही पक्कं करेना. आणि मी, वचनाला बांधलेली, ‘‘कामात असतात गं’’ म्हणत बसले. बाप तिथे केबिनमध्ये तेच गाणं दहा-दहा वेळा ऐकतोय, शब्द निसटताहेत म्हणून आवाज वाढवतोय, हे मी रोज बघत होते.

पण पोरगी शेवटी साळवीभाऊंचीच. तिने एक गाणं पाठवलं आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बारीक, कर्कश शिट्टी घातली. मशीनवरचा सगळ्यात वरचा सूर. मला ते अर्धा मिनिटही ऐकवेना. साळवीभाऊंनी उत्तर पाठवलं, ‘फारच सुरेख.’ त्याच दुपारी तिचा मला फोन आला. ‘‘बाबांना ऐकू येत नाही... हो ना?’’ मी गप्प बसले, आणि तेवढंच तिला पुरलं. मग तिने त्यांना फोन लावला. फोन टेबलावर, आवाज मोठा, म्हणून मलाही ऐकू आलं. ती पोर, जिने आयुष्यात बापाला मराठीत उत्तर दिलं नव्हतं, ती अडखळत म्हणाली, ‘‘बाबा, अंदाजाने... दाबायचं नाही.’’ साळवीभाऊ हसायला गेले आणि रडले. मी उगाच फायली लावत राहिले.

पुढचे चार महिने मी विसरणार नाही. ती गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात पाठवायची. ते केबिनमध्ये बटण घेऊन बसायचे. मी बाहेरून गाणं लावायचे आणि कागदावर एकेका ओळीपुढे, दिवा लागला तर खूण करायचे, नाही लागला तर जागा कोरी ठेवायचे. कागद लीड्सला जायचा. ज्या ओळी कोऱ्या, त्या गार्गी पुन्हा गायची, खालच्या पट्टीत, शब्द ठाशीव करून. फिडलचं काम मोठ्या, खर्जातल्या व्हायोलावर गेलं. गिटारवाल्याने झणझणणाऱ्या तारा सोडून दिल्या. असं करत त्या बँडचा अख्खा आवाजच खाली उतरला, जड आणि उबदार झाला. आता आल्बम आलाय, गाजतोय. आपले चौघे त्यांच्या शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात वाजवून आले. या वयात हा गंभीर स्वर यांना सापडला कुठे, असं तिकडचे जाणकार लिहितात. मला सगळ्यांना पत्र लिहून सांगावंसं वाटतं की तो सापडला कुवेतच्या एका केबिनमध्ये, एका माणसाच्या कानाला जेवढं ऐकू येत होतं तेवढ्यात. असा कान, आणि स्वतःचा कान गेल्याचं कबूल करायची अशी हिंमत, मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

शेवटचं गाणं मात्र त्यांचं ऐकायचं राहिलं. ते शुक्रवारी गेले, गाणं शनिवारी यायचं होतं.

गेल्या आठवड्यात गार्गी आईला घेऊन जायला, फ्लॅट आवरायला आली होती. दुपारी ओपीडी संपल्यावर इस्पितळात आली. बापासारखीच चालते, एक खांदा किंचित खाली टाकून. मला म्हणाली, ‘‘मावशी, ते गाणं लाव ना.’’ आणि आत जाऊन बसली. मी दार लावलं. समोर शब्दांचा कागद घेतला, पेन्सिल घेतली, सवयीने. पहिली ओळ, दिवा. दुसरी ओळ, दिवा. मी खुणा करत गेले. त्या गाण्यात अहमदीचा रस्ता आहे, काचेला लावलेलं नाक आहे, आणि गाडी चालवणारा एक माणूस, जो सगळ्या वाटभर गप्प आहे. शेवटच्या ओळीलाही दिवा लागला. मी खूण केली. गाणं संपलं, मशीनचा काटा शून्यावर येऊन पडला, आत आता कसलाही आवाज नव्हता...

दिवा विझला नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. तो लागलेलाच होता. अशा वेळी काय करायचं हे साळवीभाऊंनी मला शिकवलंय. उठायचं, हळूच दार उघडायचं आणि सांगायचं.

मी दार उघडलं नाही.