गुलाबी कागदाच्या टोपल्या

आमच्या घरात आगपेटी शोधावी लागत नसे. दिवे गेले तरी चुलीवरच्या फळीकडे हात नेला की मिठाच्या बरणीला लागून ती सापडायचीच. कात्री खिळ्याला, सुईदोरा गोल डब्यात, माझं दप्तर दाराच्या मागे. एक खोली, पुढे ओसरी, मागे स्वयंपाकाचं छप्पर एवढंच घर होतं, पण कुठली वस्तू कुठे याबद्दल त्यात कधी वाद झाला नाही. वाद घालणाऱ्याला आई विचारायची, "हे घर हाये का इतवारीचा बजार?"

आई बिड्या वळायची आणि ते काम पसाऱ्यात होत नाही. तेंदूची पानं ओली हवीत, तंबाखू कोरडी हवी, दोन्ही एकाच सुपात मांडीवर घ्यायची असतात. ओला हात तंबाखूला लागला की माल परत यायचा. त्यामुळे सकाळी पानं भिजवणं, मग पाणी भरणं, मग स्वयंपाक, मग पानं कापणं आणि दुपारभर वळणं हा क्रम तिनं एक दिवस सोडला तर आयुष्यभर मोडला नाही.

बाबा एका लहानशा छापखान्यात कंपोझिटर होते. त्यांचंही जग खणांचं. प्रत्येक अक्षराला लाकडी केसमध्ये आपापला खण, आणि बाबांची बोटं न पाहता त्या खणावर जायची. दिवसा ते लग्नपत्रिका आणि सर्कशीच्या जाहिराती जुळवायचे. काम संपलं की मालकाच्या परवानगीनं आपली पत्रकं छापायचे. विहिरीवर आमच्या माणसांना पाणी भरू देत नाहीत त्याचं पत्रक, बिडीवाल्या बायांच्या मजुरीचं पत्रक, पोरांच्या अडकलेल्या स्कॉलरशिपचं पत्रक. कागद लग्नपत्रिकांमधून उरलेला, म्हणून बहुतेक वेळा गुलाबी. मी शाळेत जाण्याआधी त्या गुलाबी कागदांवर वाचायला शिकले. "अन्याय" हा माझ्या पहिल्या काही शब्दांपैकी एक होता. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे.

ही पत्रकं समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात राहायची. त्या कोनाड्याला इतिहास होता. माझ्या जन्माआधी, आमच्या लोकांनी नागपुरात धम्म स्वीकारला तेव्हा तिथे घरचे देव होते. आई नवी सून होती. तिनं सगळे देव एका फडक्यात बांधले, खाप्याला माहेरी जाताना सोबत नेले आणि कन्हान नदीच्या पाण्यात सोडले. परत येऊन कोनाडा घासला, चुना लावला, बुद्धाची तसबीर ठेवली. तसबिरीखाली बाबांची पत्रकं. "घर रिकामं कराले मले नोको शिकवू," असं ती मला पुढे कितीदा म्हणाली! "मी देव काढले हायेत."

ते काढणं आनंदाचं होतं. दुसरं काढणं मी पाहिलं, ते भीतीचं होतं.

आणीबाणी आली तेव्हा मी शाळेत होते. काही दिवस आमच्या वस्तीत विशेष काही बदललं नाही. गाड्या वेळेवर धावतात असं लोक म्हणायचे. आमच्याकडे कोण गाडीत बसत होतं! मग एका सकाळी बाबांचे मित्र, आमच्या शाळेतले मास्तर, यांना पोलिसांनी नेलं. कुठे नेलं ते कुणी सांगेना. घराची झडती झाली. डबे उपडे केले, तांदूळ, साखर, तिखट, मीठ सगळं एका ढिगात, वर घासलेटची बाटली सांडलेली. आई मास्तरीणबाईंना मदत करायला गेली. त्या दोघी सूप घेऊन साखरेतून डाळ वेचत बसल्या, आणि त्या साखरेला घासलेटचा वास येत होता. संध्याकाळी आई घरी आली ती बराच वेळ उंबऱ्यात उभी राहून आमच्या फळ्यांकडे बघत राहिली. बरण्या, डबे, खिळ्याची कात्री. जणू मोजून घेत होती.

बाबांनी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. "मास्तर कुठे आहेत ते सांगा." सरकारी परवानगी नाही, छापणाऱ्याचं नाव नाही. गुलाबी कागद. ते वस्तीत, चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर वाटलं गेलं. उरलेला गठ्ठा कोनाड्यात, नेहमीसारखा.

पोलीस छापखाने तपासायला लागले तेव्हा आईनं बाबांपुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "ते कागद काढा."

"छापलेलं खोटं नाई."

"खरं हाये म्हणून तं नेतीन तुमाले."

"आपल्या बापजाद्यानं अक्षर पायलं नव्हतं. आपण छापलं. आता आपणच जाळाचं? लाज नाई वाटत?"

"मले भेव वाटते," आई म्हणाली. "लाज मंग वाटू देईन."

बाबा जेवले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर आईनं चुलीत पहिला मूठभर कागद घातला. पानांची कात्रणं आम्ही रोज जाळायचो, तिला वाटलं त्यातच हेही जाईल. पण कागद पानासारखा जळत नाही. त्याचे काळे पापुद्रे धुरासोबत वर गेले, छपरातून बाहेर पडले आणि वाऱ्यावर गल्लीत उतरले. एक माझ्या हातावर बसला. काळ्यावर करडी अक्षरं, अजून वाचता येणारी. फुंकर मारली तशी ती मोडली.

पलीकडून शेजारची काकू ओरडली, "काय वं, काय जाळून राहिली? माह्या पापडावर सारा छापखाना येऊन बसला नं!"

"पोरीच्या जुन्या वह्या हायेत!" आई ओरडली. आणि हसली. ते हसू इतकं खरं होतं की मी दचकले. मग चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं.

जाळता येत नाही, पुरता येत नाही, कारण अंगण सगळ्यांचं. वस्तीच्या विहिरीत टाकलं तर वर तरंगेल. मग तिला तेच सुचलं जे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला जुन्या कागदाबद्दल सुचतं. टोपल्या. कागद भिजवायचा, मेथी घालून कुटायचा, लगदा उपड्या मडक्यावर थापायचा, वाळला की टोपली. वस्तीत घरोघरी अशा टोपल्या होत्या. लसणाला, पापडाला, चिंचेला. कुणाला शंका कशाची येणार?

पानं भिजवायच्या घमेल्यात तिनं गठ्ठा बुडवला. पानांचा क्रम मोडला तो आयुष्यात तेव्हा एकदाच. कागद फुगला. वरचं "मास्तर" पाण्यात हलायचं, मग शाई सुटली आणि "कुठे आहेत" धूसर झालं. उखळात मी कुटलं. माझे हात कोपरापर्यंत गुलाबी. बाबा संध्याकाळी आले, घमेल्याकडे पाहिलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांनी एकेक अक्षर खणातून उचलून ते शब्द जुळवले होते आणि मी मुसळ घेऊन ते मोडत होते. मला त्या क्षणी राग आला, आणि तो आईचा नव्हता, बाबांचाही नव्हता. माझ्या आईला घर आवरायला लावणाऱ्या त्या सरकारचा होता.

कोनाडा धुतला, चुना लावला. चुना वाळेपर्यंत तसबीर पुसून टिनाच्या पेटीवर ठेवली, आणि ती तिथेच राहिली. घर कधी नव्हतं इतकं मोकळं दिसायला लागलं.

टोपल्या टिनाच्या छपरावर वाळल्या आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी अंगणात उभ्या राहून वर पाहत राहिलो. आईला वाटलं होतं रंग पाण्यात जाईल. तिनं पाणी कितीदा बदललं होतं. पण उन्हात टोपल्या जसजशा वाळल्या तसतशा उजळल्या. ओळीनं उपड्या ठेवलेल्या, लग्नपत्रिकेसारख्या गुलाबी. सगळ्या वस्तीनं तो रंग हातात घेऊन वाचला होता.

"रंग मोठा मस्त आला वं!" काकू म्हणाली. "काय टाकलं?"

आईनं टोपल्या घाईनं आत घेतल्या, एकीत एक घातल्या, भिंतीशी ठेवल्या. पिवळी माती कालवून वरून लेप द्यायचं ठरलं. मी माती आणायला निघाले तर दारात सायकल लागत होती.

शिपाई एकटाच होता. आमच्या भागात फिरणारा, तोंडओळखीचा. खाकी शर्टाची वरची गुंडी उघडी. "पाणी देता का बाई?" म्हणत ओसरीवरून सरळ आत आला आणि खाटेवर बसला. आई सूप मांडीवर घेऊन वळत होती. तिनं पदर सावरला आणि मला पाणी द्यायला सांगितलं. हात थांबवले नाहीत.

पाणी पिऊन त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. गुलाबी. मांडीवर उलगडला.

"हे कोणं छापलं, मालूम हाये का?"

"मले वाचता येत नाई," आई म्हणाली. हे खरं होतं.

"तुमचे मालक छापखान्यात जाते नं?"

"लग्नाचे कार्ड जुळवते."

त्यानं मान हलवली आणि घर बघायला लागला. फळी, बरण्या, खिळ्याची कात्री, दारामागचं दप्तर. नजर फिरत फिरत कोनाड्यावर थांबली.

"कोनाडा खाली काहून हाये?"

"चुना लावला. वाळून राहिला."

"बाकी भिंतीले नाई लावला?"

आईनं पान घेतलं, वळलं, दोरा गुंडाळला. मला तेव्हा कळलं की आम्ही काय चूक केली होती. आमच्या लोकांच्या प्रत्येक घरात कोनाड्यात तसबीर आणि कागद असतात. वस्तीतला एकच कोनाडा ओरडून सांगत होता की इथून काहीतरी काढलं आहे.

"येवढं साफ घर!" शिपाई म्हणाला. "आमच्या घरी तं चप्पल सापडत नाई. बायको म्हणते तुमी चोर पकडता, घरात आपली चप्पल पकडून दाखवा." तो आपल्याच विनोदावर हसला, उठला आणि भिंतीशी गेला. वरची टोपली उचलली. उजेडात धरली. पत्रक दुसऱ्या हातात होतं. दोन्हींचा रंग एक. टोपलीच्या काठाशी लगदा नीट कुटला गेला नव्हता. तिथे कागदाचा नखाएवढा तुकडा तसाच राहिला होता, अक्षरासकट.

त्यानं त्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"आमची बी करते टोपल्या," तो म्हणाला. "मेथी जास्त टाकत जा बाई. आन कुटाले घाई नोको. अक्षर दिसून राहिलं."

मग पत्रक टोपलीत ठेवलं, टोपली काखेत मारली. जाताजाता सुपाजवळ जुडी बांधून ठेवलेला बिड्यांचा एक कट्टा उचलून खिशात घातला. सायकलची घंटी गल्लीच्या टोकाला गेली तरी आई वळतच होती.

मी जवळ गेले. तो आल्यापासून तिनं वळलेल्या सगळ्या बिड्या सुपात एका बाजूला होत्या. सुबक, सारख्या, दोरा बांधलेल्या. एकीतही तंबाखू नव्हती.

त्या संध्याकाळी आईनं बाबांचा टॉवेल, एक सदरा आणि बनियान पिशवीत भरून दाराजवळ ठेवलं. पिशवीलाही जागा ठरली. बाबांनी ती हलवली नाही. रस्त्यावर गाडी थांबली की आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता त्या पिशवीकडे बघायचो. पुरावा शिपायाच्या घरात होता, कदाचित त्याच्या बायकोचा लसूण त्यात होता, आणि तो कधी बोलेल ते आम्हाला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. पत्रकाचं नाव नाही, टोपलीचं नाव नाही. उंबऱ्यातून हात पुढे केला. आईनं कट्टा दिला. मग दर आठवड्याला. त्याला वाट पाहावी लागू नये म्हणून आई कट्टा आधीच काढून ठेवायला लागली, आणि आमच्या घरात वस्तू ठेवायची म्हणजे तिला जागा द्यायची. तिनं ती कोनाड्यात दिली. आधी देव, मग आमची अक्षरं, मग शिपायाच्या बिड्या.

बाबांना कुणी नेलं नाही. मास्तर परत आले, वाळलेले, कमी बोलणारे. शिपाई कधीतरी यायचा बंद झाला. बदली झाली असेल. लोक म्हणतात, माणूस चांगला होता, गप्प राहिला. मी हे मानत नाही. ज्याच्या गप्प राहण्यावर माझ्या बापाचं घरी असणं टांगलेलं होतं त्याला चांगला म्हणायची सक्ती मी करून घेणार नाही. तो बिड्या घेऊन गप्प होता. बिड्या न घेता गप्प राहिला असता तरी भीती तेवढीच राहिली असती, कारण ती त्याच्या मर्जीवर होती.

बाबांच्या त्या पत्रकाची एकही प्रत आज नाही. एक टोपली आहे, उडालेल्या रंगाची, आणि तिच्यात आई लसूण ठेवते. तसबीर कोनाड्यात परत गेली. पण तिच्याशेजारी बिड्यांचा एक कट्टा अजूनही असतो. जुना झाला की आई तो बदलते. मी एकदा काढून फेकला तर तिनं दुसरा ठेवला, एक शब्द न बोलता.

आता पत्रकं मी लिहिते. परवा नव्या पत्रकाचा मजकूर मी तिला वाचून दाखवला. ती पानं कापत ऐकत होती. मला वाटलं, छापू नको म्हणेल. तिनं दाराकडे एकदा बघितलं, मग कोनाड्याकडे.

"छाप," ती म्हणाली. "पण पांढऱ्या कागदावर छाप वं."