गुडघ्यांसाठी घाट

माझ्या बायकोला जमिनीवर बसता येईना, तिथून हे सगळं सुरू झालं. चालायची, कामं करायची, माझ्याशी भांडायची, त्यात काही कमी नव्हतं. पण गुडघे वाकेनात. आणि गुडघे वाकल्याशिवाय दारात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, कसं घालणार? आमच्या तंजावरला सकाळी दारापुढे सडा आणि कोलम नसेल तर लोक विचारतात, घरात कोण गेलं?

मग कोलम माझी आत्या घालू लागली. आत्या बालविधवा, आमच्याकडेच असायची, तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. ठिपके एकीकडे, रेघ दुसरीकडे. बायको दारात उभी राहून बघायची आणि दात खायची.

"हे कोलम नाही आत्याबाई. खेकडा चालून गेलाय."

"मग तू घाल की महाराणी."

झालं. बायको आत जाऊन भांडी आपटायची आणि त्या दिवशी सांबारात मीठ जास्त पडायचं. म्हणजे भोगायचं मीच.

अशात कुणी एक कीर्तनकार आला आणि सांगून गेला, कोकणात जमिनीतून कढत पाणी येतं, त्यात बसलं की गुडघे लोण्यासारखे होतात. मी म्हटलं, घरात बंब आहे, लाकडं आहेत, हवं तेवढं पाणी तापवून देतो.

"ते जमिनीतून येतं का?" बायको म्हणाली.

"विहीर काय आभाळात आहे?"

यावर ती बोलायचीच बंद झाली. बोलायची तेव्हा बरं होतं, असं वाटायला लागलं, म्हणून निघालो. ही साठ सालानंतरची गोष्ट. माझी एक जुनी मोटार होती, लग्नकार्यांना भाड्याने द्यायचो. पापनाशम, ओरत्तनाडु, कुंभकोणम, एवढंच तिचं जग. शाळा मी चौथीत सोडली, पण मोटार मला अशी येत होती की डोळे मिटून चालवीन. फक्त एक गोष्ट लक्षात आली नाही. आमच्याकडे सगळी भातशेती, जमीन ताटासारखी सपाट. चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. त्यापलीकडचा चढ मी किंवा मोटारीने जन्मात पाहिला नव्हता.

उटीच्या घाटात निम्म्यावर मोटारीने वाफ सोडली. टोपण उडालं, पाणी उकळून बाहेर. आत्या मागच्या सीटवर पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा मांडीवर घेऊन बसली होती, ती देवाचं नाव घ्यायला लागली. बायको खाली उतरली, त्या फवाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, कोकणापर्यंत कशाला जायचं? इथंच बसू का गुडघे धरून?"

मोटार निवल्यावर मी टोपण शोधून आणलं आणि प्यायचं पाणी तिच्यात ओतलं.

वर पोचलो तर मोठा तलाव. मी पत्र्याचा डबा घेऊन मोटारीसाठी पाणी आणायला गेलो. आत्या काठावर उभी राहिली आणि तिचं तोंड वाकडं.

"पायऱ्या कुठं आहेत?"

"नाहीत."

"मधे मंडप?"

"नाही. हा देवळाचा नाही, नुसता तलाव आहे."

"नुसता कसा असेल रे? उतरायचं कुठून, उत्सवात देव नावेतून फिरवायचा कुठं? अर्धवट टाकून पळालेत मेले."

लोक नावेत बसून हसत फिरत होते. आत्याला त्यांची कीव आली.

पुढे म्हैसूर, मग वर बेळगावापर्यंत बरं गेलं. तिथून आंबोलीचा घाट उतरायचा. मला वाटलं, आता सोपं. आमच्या पुलावरून उतरताना मी मोटार गियरमधून काढायचो, पेट्रोल वाचतं. इथंही तेच केलं. मोटार खूश होऊन पळाली. एका वळणानंतर मी ब्रेकवर उभा राहिलो तरी ती पळतच होती, आणि चाकांतून असा वास आला की आत्या म्हणाली, कुणाचं तरी दूध करपलंय. शेवटी तांबड्या मातीच्या दरडीला घासून थांबलो. एका बाजूचं दार त्यानंतर कधी उघडलं नाही.

बायको दुसऱ्या दाराने उतरली. तिने जन्मात मोटार चालवली नव्हती, पण तिच्या माहेरी बैलगाड्या होत्या.

"उताराला बैल मोकळे सोडतात का हो? कासरा ओढून धरायचा असतो. तुमच्या या बैलाला कासरा नाही का?"

होता. पहिला गियर. चाकं निवल्यावर तो टाकून गोगलगायीसारखे उतरलो. ती सबंध घाटभर पुढे बघत होती आणि गालात हसत होती. गुडघे दुखत असताना हसत होती म्हणून मी शिव्या गिळल्या.

राजापुराच्या बाजूला ते पाणी. तिथले लोक त्याला उन्हाळं म्हणतात. बायकांचं कुंड वेगळं, भिंत घातलेलं. बायको लुगड्यासकट आत गेली. आत्या म्हणाली, परक्यांच्या पाण्यात मी उतरायची नाही. पण चुलीशिवाय कढत पाणी मिळतंय म्हटल्यावर तिने आपली कापीची, म्हणजे कॉफीची, पूड काढली आणि त्याच पाण्यात डिकाक्शन केलं. मी एक घोट घेतला. काडेपेटी चोखल्यासारखं लागलं.

"औषध आहे. पी गुपचूप."

तेवढ्यात भिंतीपलीकडून बायकोची हाक आली. मी भिंतीकडे धावलो. बाहेर आली तर तोंड लाल, केस निथळतायत, आणि सरळ माझ्यासमोर ओल्या मातीत मांडी घालून बसली. मांडी घालून! बोटाने ठिपके टाकले आणि रेघ फिरवायला लागली, एकदाही न उचलता. तिथल्या बायका जमल्या. एकीने विचारलं, "ह्ये मासे धरायचं जाळं काय गो?"

"कोलम," बायको म्हणाली. "आमच्या दारातलं."

पुरं झालं. सगळ्या वा वा म्हणाल्या. मग तिने उठायला हात टेकला, आणि उठता येईना. पुन्हा प्रयत्न केला. नाही. मी एका बाजूने, आत्याने दुसऱ्या बाजूने धरून ओढलं, तेव्हा उभी राहिली.

"तुझी नि मोटारीची जात एकच," आत्या म्हणाली. "उताराला पळता, चढाला बोंब."

मी म्हटलं, एवढ्या लांब येऊन निम्मंच काम झालं. परत बस पाण्यात.

"पुरे निम्मं," बायको म्हणाली. "बसायचं काम माझं. उठवायचं तुमचं."

तंजावरला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दारात कोलम घातलं आणि हाक मारली. मी गेलो, बगलेत हात घालून उठवलं. त्यानंतर रोज. मी तापात असलो तरी, भांडण असलं तरी. भांडण असलं की ती हाक मारायची नाही, नुसती बसून राहायची, रस्त्यावरचे लोक बघायचे आणि मला जावंच लागायचं. म्हातारपणी ती जड झाली आणि माझे गुडघे गेले. मी तिला उठवायचो आणि ती मला सावरायची. शेजारचे हसायचे. हसेनात का.

गेल्या वर्षी ती गेली.

सुनेने दारात चिकटवायचं छापील कोलम आणलंय. बरं आहे, पावसात जात नाही. रेघ कुठे चुकत नाही. सकाळी त्या वेळेला मी जाऊन दारात उभा राहतो. सून आतून विचारते, "मामंजी, काय हवंय?"

कापी, म्हणतो.