मनगटावरचा कौल

काळजात तार घालून आलेला मानूस गावात एकच आसला की त्येच्या नावानं किस्से आपोआप वाढत्यात. पारावर एक सांगतो, दुसरा त्येला मीठ लावतो, तिसरा तर आपुन सवता तिथं हाजर व्हतो म्हनतो. परवा एकजन म्हनला, डॉक्टरनं ह्येचं काळीज भाईर काढून ताटात ठिवलं व्हतं. म्या म्हनलं, तुजं टकुरं ठिवू का ताटात? म्हून आता म्याच सांगतो. मधी कुनी बोलायचं न्हाय. मला राग लवकर येतो, हे पार बेंबळी गावापतूर समद्यास्नी ठावं हाय.

*

सुरवात सोयाबीनवर फवारताना झाली. पाठीवर पंप, आन् छातीत कुनी आतून धक्का मारल्यागत झालं. मंग रिकामं. मंग परत धक्का. डोळ्यापुढं अंधारी आली, म्या बांधावरच बसलो.

बायकोनं, शांतानं, गावातल्या डॉक्टरकडं नेलं. त्येनं मनगट धरलं. कपाळाला आठ्या घातल्या. मंग दुसरं मनगट धरलं आन् म्हनला, "ह्या हाताला बी तसंच लागतंय. मधीच ठोका चुकतोय."

"हात दोन आसले तरी काळीज एकच हाय की!" म्या वरडलो.

वरडलो तसे आनखी चुकले. त्येनं गुमान सोलापूरला जावा म्हनून सांगितलं. म्या गेलो न्हाय.

*

आमच्याकडं खंडोबाला कौल लावायची रीत हाय. मूर्तीला दोन कळ्या चिकटवायच्या, मनात इचारायचं. उजवी पडली की व्हय, डावी पडली की न्हाय. पर मागं कुन्या शान्यानं मूर्तीला ऑइल पेंट मारला. झालं! कळी ठरंचना. लावली की दोन्ही घसरत्यात. गुरव हैरान, गाव हैरान. देव मुका झाला.

तशात शेजारचे भीमाण्णा मला बगायला आले. मनगट धरलं, डोळे मिटले. मला वाटलं, लई काळजी हाय मानसाला. तर हळूच पुटपुटले, "खालच्या रानात पानी लागंल का?"

ठोका चुकला. त्येंनी इस्तवाला हात लागल्यागत मनगट सोडलं आन् निघून गेले.

बोअर मारला. पानी लागलं. भीमाण्णा नारळ घिऊन दारात आले आन् माझ्या पायापाशी फोडला. म्या करवंटी फेकून हानली. दुसऱ्या दिशी सकाळी भाईर आलो तर वसरीवर मानसं बसल्याली. भीमाण्णा त्येंना समजावून सांगत व्हते, "जरा रागीट हाय. पर जागृत हाय."

*

हितपतूर हासून घ्या.

ठोका चुकला की व्हय, सरळ गेला की न्हाय, आसं लोकांनीच ठरवलं. एकजन म्हैस घ्यायची म्हून इचारायला आला. लाभंल का? ठोके सरळ. त्येनं तरी घेतली. चांगली दुधाची, ठनठनीत म्हैस. दावनीला उभ्या उभ्या कोसळली. तोंडात कडब्याचं चिपाड तसंच व्हतं.

त्येच्यानंतर म्या वसरीवर काठी घिऊन बसायचो. आला की हाकलायचो.

एक मानूस मातर कधी हाकललं न्हाय. ईट गावची गयामावशी. तिचा एकुलता एक सुभाष ट्रकवर गेला, ते परत आलाच न्हाय. ट्रक सापडला, सुभाष न्हाय. म्हातारी दोन एस्टी बदलून यायची, पदरानं माझं मनगट पुसायची, मंग धरायची. "माजा सुभाष जित्ता हाय का?"

दर खेपंला ठोका चुकायचा. एकदा बी सरळ गेला न्हाय. "हाय," आसं म्हनायची, तांब्याभर पानी प्यायची आन् जायची. म्हनायची, सून रोज इचारती, कपाळ पुसू का? तिला म्या सांगती, धीर धर, आजून हाय.

*

मंग एक दिस गुरव आला. देवाजवळचा मानूस, म्हून म्या काठी उचलली न्हाय. त्येनं मनगट धरलं, तोंडानं काय बोलला न्हाय. माझे ठोके चुकाया लागले. एक पडायचा, एक चुकायचा. थांबंचनात. त्येची बोटं गार पडत गेलेली मला कळत व्हती. उठला आन् चपला तितंच सोडून चालाया लागला.

म्या फाटकात गाठला, बकोटी धरली. "काय इचारलंस?"

"ऱ्हाऊ द्या."

"बोल, न्हायतर हितंच लोळवतो."

तो खाली बगून म्हनला, "ह्यो मानूस दिवाळीच्या आदी जातो का, आसं इचारलं."

दुसऱ्या दिशी म्या सोलापूरच्या एस्टीत बसलो.

*

तितल्या मोठ्या दवाखान्यात छातीला मशीन डकवून दिसभर ठिवलं. मंग डॉक्टरनं समजावलं. काळजाच्या एका कोपऱ्यातनं ठोका येळंच्या आदीच निगतो, म्हून मनगटाला तो चुकल्यागत लागतो. गोळ्या दिऊन बगितल्या, त्येनं बी दबंना. आसंच चाललं तर काळीज थकनार. जांगंतल्या शिरंतनं बारीक तार काळजापतूर न्यायची, ती जागा हुडकायची आन् तेवढीच भाजायची. छाती फाडायचं काम न्हाय.

गावात बातमी गेली. भीमाण्णांचा फोन आला, "समदं भाजू नगा म्हनावं. गावापुरतं थोडं ठिवा."

म्या फोन आपटला. शांतानं तो उचलला, पदरानं पुसला आन् डॉक्टरला म्हनली, "समदं भाजा."

भरती व्हायच्या आदी चार दिस घरी आलो व्हतो, तवा गयामावशी आली. म्या म्हनलं, आता हे बंद व्हनार. तिनं त्या दिशी मनगट धरलंच न्हाय. म्हनली, "मला इचारायला दुसरं कुनी न्हाय बाबा. पर तुमी बरं व्हा."

*

टेबलावर जागाच व्हतो. जांग तेवढी बधीर केलती. वर मोठा पडदा, त्येच्यावर माझं काळीज रंगीबेरंगी. तार आत गेली. आन् ठोका गायब. समदे सरळ, घड्याळागत.

डॉक्टर म्हनला, "काका, तो ठोका आल्याशिवाय जागा कळत नाही." सलाईनमधनं औषध सोडलं. काळीज पळाया लागलं, पर चुकंना. डॉक्टर म्हनला, "राग येईल असं काहीतरी आठवा." म्या ऑइल पेंट आठवला. नारळ आठवला. समदी जिंदगी रागातच गेली, आन् पाहिजे तवा राग बी येईना.

मानसं एकमेकांकडं बगाया लागली. डॉक्टर म्हनला, थोडं थांबू, नाहीतर तार काढून घ्यावी लागेल.

मला गुरवाची ती गार बोटं आठवली. कुनी इचारलं की ठोका येतो, हे तर ठावं व्हतं. म्हून म्याच मनात इचारलं. हमकास चुकायचा तेच इचारलं. गयामावशीचा सुभाष जित्ता हाय का?

सरळ.

परत इचारलं. सरळ.

"अजून काहीच नाही," डॉक्टर म्हनला.

पुढचं मला इचारायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पर मन थांबतंय का? मंग गेला का?

धाड. रिकामं. धाड. रिकामं. पडदा भरून गेला. "सापडली जागा!" डॉक्टर म्हनला, आन् छातीत आत कुठंतरी कढत लागलं. दोन-चार ठोके तडफडले. मंग समदं शांत. लेकरागत सरळ ठोके पडाया लागले. समद्यांची तोंडं उजळली. शांता भाईर रडली म्हनं.

म्या कुनाला काय बोललो न्हाय. शांताला बी न्हाय.

*

घरी आलो. लोकं दोन-तीनदा मनगट धरून बगून गेली, सरळ लागलं तसं यायची बंद झाली. डॉक्टरनं परत मशीन लावलं, एकदम साफ. दिवाळी बी झाली.

मंग एक दिस गयामावशी आली. लई वाळली व्हती. म्या म्हनलं, "मावशी, आता तेच्यात काय ऱ्हायलं न्हाय."

"आसू द्या," म्हनली. पदरानं मनगट पुसलं, बोटं ठिवली, डोळे मिटले. "माजा सुभाष जित्ता हाय का?"

म्या दम धरून बसलो. माझं काळीज मला कळत व्हतं. सरळ, सरळ, सरळ.

तिनं डोळे उघडले. तोंडभर हासली. "चुकला. हाय माजा सुभाष."

शांतानं माझ्याकडं बगितलं. म्या भुईकडं. म्हातारी पानी प्यायली, भुईला हात टेकून उटाया लागली, तिचा तोल गेला. म्या पटकन तिचं मनगट धरून सावरलं.

माझ्या बोटाखाली तिच्या नाडीचा धक्का बसला. मंग रिकामं. मंग परत धक्का.

"सोडा की बाबा, एस्टी जाईल," ती म्हनली.

मला हात सोडवंना. मनात काय बी इचारायचं न्हाय म्हून म्या दात आवळून तसाच उभा ऱ्हायलो.