तणसीची जागा

सालेकस्याच्या बाजूला, जंगलाला लागून आमचं गाव. ग्रामपंचायतीची सदस्य झाले तेव्हा घरकुलांच्या नव्या जागा आखायचं काम माझ्याकडे आलं. वहीत तीन रकाने केले : काय पेटतं, कुठं आहे, कोणाच्या घराजवळ. उन्हाळ्यात जंगलातली आग शेवटच्या घरांपर्यंत येते. नवी घरं तिच्या वाटेत नकोत, एवढंच डोक्यात होतं.

पण जंगलाकडची शेवटची जागा एका एकट्या राहणाऱ्या काकींना हवी होती. त्यांची मोहाची चार झाडं तिथून जवळ. त्या जागेवर मी फुली मारली होती.

"काऊन मारली फुली?" काकी माझ्या दारातच उभ्या.

"आग तिकडूनच येते, काकी."

"येत नाई, बाई. आम्हीच लावतो. चल, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मोहफुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, हे ठाऊक होतं. कसा, ते कधी पाहिलं नव्हतं. काकींनी आधी झाडाभोवती झाडून हातभर रुंद गोल मोकळा केला, मग आतला पाला पेटवला. आग गोलापर्यंत आली आणि विझली. शेजारच्या झाडाखाली कुणी न झाडताच पेटवलं होतं. तिथली जमीन नाल्यापर्यंत काळी.

"पेटवूच नका म्हणतो वनरक्षक," मी म्हटलं.

"म्हणू दे. तो कुठं फुलं येचून राहिला?"

झाडाभोवती जे चालतं ते गावाभोवती का चालू नये? मोकळी जमीन आपल्याकडे आहेच. मळणीनंतर खळं उन्हाळाभर रिकामं असतं. सगळी खळी जंगलाच्या बाजूला ओळीनं घेतली तर? नकाशावर छान दिसलं. गावात फिरले तर प्रत्येक खळ्याच्या कडेला धानाच्या तणसीचा, म्हणजे वाळक्या पेंढ्याचा, ढीग! मळणी जिथं, तणीस तिथं. आगीसाठी मी पंगतच मांडत होते.

"तणीस बोडीपलीकडं ठेवू," मी काकींना म्हटलं. बोडी म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाचं लहान तळं.

"रोज म्हशीपाशी वाहील कोण? तू?"

माझ्या वहीत म्हशीचा रकानाच नव्हता.

"म्हशी दिवसभर कुठं असतात?"

"बोडीत. अजून कुठं जातीन?"

"मग गोठाच तिकडं नेला तर? तणीस गाडीनं एकदाच न्यायची."

म्हणजे काकींनी पहाटे दूध काढायला तेवढं चालायचं, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी. त्या उठल्या, बोडीपर्यंत जाऊन परत आल्या आणि ओट्यावर बसून पाय चोळत राहिल्या.

"म्हस जवळ पाहिजे का मोह?" मी विचारलं.

"मोह."

ग्रामसभेत जंगलाच्या बाजूला खळ्यांची ओळ ठरली आणि तिच्या आतली ती जागा काकींना मिळाली. अट एकच, घराजवळ तणीस नको. तेवढ्यात काकी शेजाऱ्याकडे वळल्या. त्याचा ढीग त्यांच्या जागेला लागूनच होता.

"तुमची तणीस पेटली त माझं घर जाईल. मी म्हस हलवून राहिलो. तुमची म्हस काय महाराणी हाय?"

सभा हसली. शेजारी म्हणाला, "पाहू, काकी."

"पाहाचं नाई. हलवाचं."

आठवड्याभरानं त्याची बैलगाडी तणीस भरून बोडीकडे निघाली. मागून काकी चालत होत्या, वाटेवर सांडलेल्या काड्या वेचत.