पुंजाजीचा जड एक्सल

वडनेर भोलजी गावातल्या पुंजाजीच्या डोक्यात राग शिरला की तो पाहुण्यासारखा उठून जात नसे, बिऱ्हाड मांडून बसे. गजेंद्रवरचा राग तर चांगलाच मुरलेला होता.

गजेंद्र त्याचा धाकटा चुलतभाऊ. दोघांची वावरं लागून, मधे मातीचा धुरा, म्हणजे बांध. दर नांगरटीला गजेंद्र आपल्या अंगानं तो धुरा थोडा कोरायचा आणि माती पुंजाजीच्या बाजूला लोटायचा. असं करत करत अख्खा धुराच पुंजाजीच्या वावरात चालत आला. जाब विचारला तर साळसूदपणे म्हणायचा, "दादा, धुरा मी काऊन सरकवू? पावसानं सरकते तो."

सरकारी मोजणी मागवायची अक्कल गावानं शिकवली. पण पुंजाजीला मोजणी नको होती, सूड हवा होता. त्यानं आपल्या ट्रॅक्टरला पुढं माती ढकलायचा लोडर बसवला आणि धुरा जुन्या जागी ढकलायला निघाला. पहिल्याच ढिगाला ट्रॅक्टरचा मूळचा एक्सल वाकला, पुढची चाकं फेंगडी झाली.

"दादा, बैलं पाठवू काय ओढाले?" गजेंद्र पलीकडून ओरडला. निंदणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पुंजाजीला त्या दिवशी भाकर गिळवली नाही.

हायवेवरच्या गॅरेजात राम मिस्त्रीनं एक्सल पाहिला. "पुंजाजीभाऊ, याच एक्सलले पट्ट्या मारू, बेअरिंग मोठे टाकू. दमानं काम केलं तं टिकते."

"अन् मोठ्या ट्रॅक्टरचा जड एक्सल टाकला तं?"

"एक्सल नाही तुटनार. पण मंग सारा झटका मांगं इंजिनाच्या जोडावर जाते. ट्रॅक्टर लहान हाय तुमचं."

"दमानं करायचं असतं तं फावडं घेतलं असतं," पुंजाजी म्हणाला. "जडच टाक."

जड एक्सल बसला. पुंजाजीनं ट्रॅक्टर आणला तो थेट धुऱ्यावर, गजेंद्र समोर उभा असतानाच. दात-ओठ खात त्यानं लोडरचं बकेट मातीत घुसवलं आणि पाय दाबला. धुरा हलला. पुंजाजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो मागं आला, पुन्हा धडकला, पुन्हा. हळू करायला त्याला सांगणार कोण? बरोबर जुन्या हद्दीवर पोचला तेव्हा कडाड् असा आवाज झाला. एक्सल जागचा हलला नव्हता. इंजिनाचा जोड फुटून ट्रॅक्टरचे मधोमध दोन तुकडे झाले होते, आणि काळं तेल मातीत झिरपत होतं.

या खेपेला हसलं कोणीच नाही. गजेंद्रच धावत आला. "दादा, लागलं काय? थांब, माह्या ट्रॅक्टरनं ओढून घराजवळ नेतो."

"हात लावशीन तं पाह्य!" पुंजाजी गरजला. "ते इथंच राह्यन. आता कोर धुरा!"

लोखंडाचे दोन ढीग हद्दीवर आडवे पडून राहिले. गजेंद्रचा नांगर आता त्यांना वळसा घालून जायचा. पुंजाजी रोज सकाळी जाऊन ते पाहून यायचा आणि खुशीत घरी परतायचा.

मृग तोंडावर आला. गावात सगळीकडे वखरण्या चालू झाल्या. शालूबाई नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली. "सारं गाव पेरणीले लागलं. आपलं वावर कायनं वखरायचं? गजेंद्रभाऊजी मनतात, मी वखरून देतो."

पुंजाजी हसला. फार दिवसांनी ती त्याला हसताना बघत होती, आणि तिला ते हसणं आवडलं नाही.

"त्याचं चाक माह्या वावरात नाही येनार," तो म्हणाला. "राहू दे पडीत."