भिलाईच्या विहारात, पंचशीलाच्या पुढचं

भिलाईला फिरायला कोण जातं, असं ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. मी हसून सोडून दिलं. माझी बायको प्रज्ञा भिलाईची. तिला जाऊन वर्ष होत होतं आणि तिच्या आईंनी फोनवर सांगितलं होतं, "पुन्यानुमोदन इथल्याच विहारात करू, जवाई. तुमी या." पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्या माणसासाठी वंदना, आणि नंतर सगळ्यांना खीर.

जायला आणखी एक कारण होतं. पुण्यातल्या घरी प्रज्ञा रोज सकाळी मेणबत्ती लावून वंदना म्हणायची. रामरक्षेवर वाढलेला मी दाढी करता करता ऐकायचो. त्रिशरण, मग पंचशील, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी. ती म्हणत म्हणतच स्वयंपाकघरात जायची आणि पुढचं सगळं एक्झॉस्टच्या घरघरीत बुडून जायचं. मला तेवढंच पाठ झालं. आता पुढचं ऐकायचं होतं. खुळेपणा वाटेल, पण तिचं काहीतरी ऐकायचं राहिलंय, म्हणजे ती अजून थोडी शिल्लक आहे, असं मी धरून चाललो होतो.

पुण्याहून दुर्गला थेट गाडी मिळते, तिकीट मात्र बरंच आधी काढा. दुर्गहून भिलाईतल्या जुनवानीला, आईंच्या घरी, ऑटोने गेलो. भाडं बसण्याआधी ठरवलेलं बरं. वाटेत एका ठेल्यावर तांदळाचा चीला, म्हणजे आपलं धिरडं, आणि टोमॅटोची चटणी खाल्ली, ती चुकवू नका. प्रज्ञा रविवारी हेच करायची आणि पुण्याच्या टोमॅटोत दम नाही म्हणून कुरकुरायची. तिचं बरोबर होतं.

विहार स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये, जुन्या क्वार्टरांमागे, कडुनिंबाखाली आहे. एकच मोठी खोली, पांढरी बुद्धमूर्ती, सतरंज्या. जाणार असाल तर चपला बाहेर, मोबाइल बंद, फोटो विचारूनच. कपडे पांढरे असले तर उत्तम. घंटा शोधू नका, नसते. आणि माझ्यासारखा नारळ नेऊ नका.

"नारळ कावून आनला जी?" आईंनी दारातच अडवलं.

"रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून..."

"इथं फूल लागते, मेनबत्ती लागते. हा घरी नेऊ, चटनी करू." त्या हसल्या आणि हसता हसताच पदराने डोळे पुसू लागल्या.

वंदना सुरू झाली. पांढऱ्या साड्यांतल्या बायकांमागे बसून मीही म्हणू लागलो. आईंनी चमकून वळून पाहिलं. पंचशील संपलं आणि माझं तोंड आपोआप मिटलं, कान शिट्टीकडे लागले. बायका पुढे म्हणत राहिल्या. बरंच होतं पुढे, आणि फार गोड होतं. पण त्यातला एकही शब्द प्रज्ञाच्या आवाजात नव्हता. शेवटी सगळ्यांनी तीनदा 'साधू' म्हटलं आणि मला रडू आवरेना. इतक्या लांब ज्यासाठी आलो होतो, ते इथेही नव्हतं.

खीर वाढताना आईंनी हळूच विचारलं, "पुढचं येत नाई का तुमाले?"

"ती तेवढ्यावरच आत जायची, आई. कुकर लावलेला असायचा."

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. "माहं बी तसंच होये. तिच्या बाबाची फर्स्ट शिफ्ट राहे, डब्बा कराचा राहे. म्हनत म्हनत मी किचनमधी, अन् हे लहानशी प्रज्ञा माह्या मागं मागं." मग म्हणाल्या, "थांबा दोन दिवस. शिकवीन मी."

राहिलो. सकाळी त्या एकेक ओळ सांगायच्या आणि मी मागून म्हणायचो. चुकलो की त्या पुन्हा सांगायच्या. निघताना त्यांनी डब्यात नारळाची चटणी दिली. "जय भीम" म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या, ऑटो वळेपर्यंत.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर लावला, मेणबत्ती लावली आणि बसलो. पंचशील संपता संपता शिट्टी झाली. मी पुढचं म्हणत राहिलो. मग दुसरी झाली, तिसरी झाली. गॅस बंद करायला आत कुणी नव्हतं. शेवटपर्यंत म्हणून मगच उठलो. भात खाली लागला होता.