सुमनअक्कांचे शेरे

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हालाच कामून सांगतोय, तेही मला नीटसं ठाऊक नाही.

बिदरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचो. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मशीन दोन, पोरं चाळीस. त्यांचे प्रोग्राम तपासायला मीच एक प्रोग्राम लिहिला होता. पोराचं उत्तर माझ्या उत्तराशी जुळलं की कागदावर छापून यायचं — बरोबर. नाही जुळलं, तर — चूक. एवढंच. कुठं चुकलं, कामून चुकलं, हे त्या मशीनला काय कळणार?

ते कळायचं सुमनअक्कांना. संतपूरच्या, घरातल्या पहिल्या पदवीधर, गणितातल्या. आमच्याकडं मदतनीस म्हणून तात्पुरत्या होत्या. 'चूक' आलेला एकेक कागद घेऊन बसायच्या आणि कडेला पेन्सिलीनं लिहायच्या, इंग्रजीतच, पण समोर बसून बोलल्यासारखं — यादीत एकच आकडा असला तर काय होईल, करून बघ. उत्तर कधी सांगायच्या नाहीत. ते वाचून पोरगं कपाळाला हात लावायचं, अन् पुन्हा मशीनकडं पळायचं.

मग कॉलेजची कमिटी माझं काम बघायला येणार असं कळलं. माझी नोकरी कायम व्हायची होती. आता कसं सांगू? — मी चुकलेले तीन प्रोग्राम निवडले. अक्कांचे त्यांवरचे शेरे जसेच्या तसे माझ्या प्रोग्राममध्ये भरले. त्या तिघांपुरतेच. अक्कांना त्या दिवशी लायब्ररीच्या कामाला लावलं. कमिटीपुढं मशीननं शेरे छापले.

अध्यक्ष खूश झाले. "म्हणजे सुधारायचं कसं, तेबी हेच सांगायलंय?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग त्या बाईंचं काय काम उरलं?"

एक वाक्य पुरलं असतं. मी कागदाच्या घड्या घालत राहिलो.

महिनाअखेरीला अक्कांना कमी केलं. जाताना त्या माझ्याकडं आल्या. वाटलं, कळलं यांना. पण त्या हसत होत्या.

"सर, मशीनला एवढं कसं शिकवलं हो? मलाबी दाखवा की."

"पुढच्या आठवड्यात या," मी म्हणालो. त्या आल्याही, संतपूरहून बसनं. मी आतल्या खोलीत बसलो आणि शिपायाला सांगायला लावलं — सर न्हाईत.

मी कायम झालो. पोरांना नुसतं 'चूक' मिळत राहिलं. चुकलेला कागद चुरगाळून टाकायची. सात-आठ जणांनी विषयच सोडला.

दोन वर्षांनी औरादच्या बाजारात अक्का भेटल्या. तिथल्याच एका शाळेत गणित शिकवत होत्या. सोबत धाकटी बहीण होती, कॉलेजात जाणारी. तिला कौतुकानं म्हणाल्या, "हे आमचे सर. पोरांच्या चुका समजून सांगणारं मशीन ह्यांनीच केलं."

"एकट्यानं?" बहिणीनं विचारलं.

तेव्हा माझी नोकरी पक्की होती. आजूबाजूला कमिटी नव्हती, भ्यावं असं कुणीच नव्हतं. अक्का माझ्याकडं बघत होत्या — इतक्या आदरानं.

"व्हय," मी म्हणालो. "एकट्यानं."